टोमॅटोचा लगदा आणि पेशीचा सीटी स्कॅन

मे महिन्यात लक्ष्मी मंडईत टोमॅटो स्वस्त मिळाले म्हणून पिशवी भरून आणले, सोलापूरच्या उन्हात ते काय टिकणार म्हणून आईने सरळ फ्रीझरमध्ये टाकले, आणि बाहेर काढल्यावर नुसता लगदा की ओ! पाणी हळूहळू गोठलं की बर्फाचे स्फटिक वाढत जातात आणि पेशी फाडून टाकतात, म्हणून हे होतं.

पेशीच्या आत डोकावू बघणाऱ्या शास्त्रज्ञांचंही दुखणं हेच होतं. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने बघणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत हवा काढून घेतलेली असते, तिथं पेशीतलं पाणी उडून जाणार, आणि गोठवावं तर बर्फ पेशी फाडणार, म्हणून आधी पेशी केमिकलमध्ये बुडवून, वाळवून, रंगवून बघायचे. सुकट बघून जिवंत मासा कसा पोहत असेल ते सांगायचं, असला प्रकार! बॅक्टेरियात 'मेसोसोम' नावाच्या घड्या असतात असं आम्ही अकरावीला घोकलं, आकृती काढून मार्कसुद्धा मिळवले, आणि त्या घड्या या केमिकलमुळेच पडत होत्या हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत हायडेलबर्गला झाक दुबोशे यांनी यावर तोडगा काढला. पाणी इतक्या झटक्यात गार करायचं की रेणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळू नये. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशाचं असतं, पण त्यात थेट बुडवून भागत नाही, कारण तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा खाली वाफ धरून नाचतो, तसं इथं नमुन्याभोवती वायूचं पांघरूण तयार होतं आणि गार होणं मंदावतं. म्हणून नायट्रोजनने गार केलेल्या लिक्विड इथेनमध्ये नमुना सपकन बुडवतात. स्फटिक होतच नाहीत, काचेसारखा बर्फ होतो, पेशी आहे तशी जागच्या जागी थांबते. २०१७ चं केमिस्ट्रीचं नोबेल दुबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी, म्हणजे असं गोठवून बघण्याच्या तंत्रासाठी मिळालं.

आता टोमोग्राफी, म्हणजे पेशीचा सीटी स्कॅन. दवाखान्यात सीटी स्कॅनला मशीन पेशंटभोवती फिरतं, इथं उलटं, नमुनाच तिरका करत जातात, साधारण उणे ६० ते अधिक ६० अंशांपर्यंत, दर दोन-तीन अंशांना एक फोटो, आणि कॉम्प्युटर ते सगळे जोडून थ्रीडी चित्र बनवतो. पूर्ण गोल फिरवता येत नाही कारण तिरकं केलं की इलेक्ट्रॉनला जास्त जाडी पार करावी लागते, त्यामुळे चित्रात थोडी माहिती कायम गाळलेलीच राहते. पेशीही जाड असते, मग गॅलियम धातूच्या आयनच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांच्या झोताने ती वरून-खालून तासून १०० ते २०० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पापुद्रा ठेवतात. कडक भाकरी कितीही पातळ थापली तरी हे जमायचं नाही!

एवढा खटाटोप कशाला, तर प्रोटीन बाहेर न काढता त्याच्या घरातच बघता येतं. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, एटीपी हे पेशीचं इंधन बनवणारी प्रोटीनची यंत्रं आतल्या पडद्याच्या घडीच्या कडेला जोडीजोडीने रांगेत बसलेली असतात, ते असंच दिसलं. कोरोनाच्या पोस्टरवरचे काटे आठवतात, एकदम ताठ? २०२० मध्ये टोमोग्राफीने बघितलं तर खऱ्या काट्याच्या दांड्याला तीन सांधे निघाले, शास्त्रज्ञांनी त्यांना कंबर, गुडघा, घोटा अशीच नावं दिली, आणि काटा त्यांच्यावर चांगला डुलतो.