सागवानाची किंमत गाभ्यात असते

वखारीत लाकडाचा भाव घनफुटावर सांगतात. आंब्याचा किंवा बाभळीचा भाव ऐकून झाला की सागवानाचा ऐकवत नाही. लाकूड लाकडासारखंच दिसतं, मग एवढे पैसे कशाचे?

सागाचं खोड आडवं कापलं की दोन रंग दिसतात. बाहेर फिकट पांढरट कडं, आत सोनेरी तपकिरी गाभा. पाणी वर चढतं ते बाहेरच्या कड्यातून. झाड जाड होत जातं तशा आतल्या पेशी मरतात; पण त्याआधी झाड त्यांत टेक्टोक्विनोनसारखी रसायनं भरून ठेवतं. वाळवी यांच्या वाटेला सहसा जात नाही, बुरशीही मागे राहते. शिवाय गाभ्यात रबरासारखा अंश असतो. रंधलेल्या फळीवरून हात फिरवला की थोडं मेणचट लागतं ते त्यामुळेच, आणि पाणीही त्यामुळेच सहज आत मुरत नाही.

दुसरा गुण पावसाळ्यात कळतो. दमट हवेत लाकूड फुगतं, दारं चौकटीत अडकतात. साग फार कमी हलतो. ओला ओंडका पूर्ण वाळेपर्यंत तो वर्षवलयांच्या दिशेनं साधारण ५ ते ६ टक्के आकसतो. ओक याच्या दीडपट किंवा त्याहूनही जास्त. म्हणून सागाचे सांधे वर्षानुवर्षं घट्ट राहतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली सागाच्या कमानी आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय.

पण हा गाभा तयार व्हायला वेळ लागतो, आणि खरे पैसे त्या वेळेचे. आपल्याकडे वनखात्याच्या लागवडीत साग साधारण ५० ते ८० वर्षांनी तोडतात. कोवळ्या झाडात पांढरा भागच जास्त, आणि त्यात ती रसायनं नसल्यासारखीच; वाळवी तो खुशाल खाते. १९९० च्या दशकात ‘वीस वर्षांत लखपती’ छापाच्या सागलागवड योजनांनी अनेकांचे पैसे बुडवले. झाड घाई करत नाही, हे माहितीपत्रकात कोण छापणार?

त्यात पुरवठा आखडलेला. म्यानमारनं २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. महाराष्ट्रात स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते, वाहून न्यायला वाहतूक परवाना. बल्लारशा, आलापल्लीच्या मालाला मागणी खूप, म्हणून बाजारात घाना, इक्वाडोरचा लागवडीतला साग येतो. तोही सागच, पण बहुतेकदा कमी वयाचा. सुताराचीही मजुरी वाढते: सागात सिलिका असते, रंध्याची आणि करवतीची धार लवकर बोथट होते.

म्हणून फर्निचर करून घेताना ‘सागवान आहे ना?’ एवढंच विचारून भागत नाही. पांढरा भागही सागाचाच असतो, त्यामुळे ‘हो’ म्हणणारा खोटं बोलत नाही. पॉलिश लागण्याआधी जाऊन फळ्यांच्या कडा बघाव्यात. गडद पॉलिश एकदा चढलं की पांढरा कुठे आणि गाभा कुठे, हे चांगल्या सुतारालाही चटकन सांगता येत नाही.