तांब्याचा क्षार घरी करताय? आधी गाळ धुवा, मगच व्हिनेगर ओता

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की ठाणे स्टेशनजवळच्या आमच्या दुकानात एकच तक्रार घेऊन लोक येतात: ‘तुमच्या मोरचुदात भेसळ आहे, खड्यांबरोबर पांढऱ्या सुया आल्यात.’ मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यांत, भेसळ नसते. त्या सुया कुठून येतात आणि येऊ नयेत म्हणून काय करायचं, हे काउंटरवर गर्दीत नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद पुडीसोबत देतो आहोत.

पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, म्हणून आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात. ताकातलं आम्ल तांब्याला लागतं आणि तांब्याचा क्षार तयार होतो. हा प्रयोग म्हणजे तेच काम, फक्त मोजूनमापून. मोरचूद आणि धुण्याचा सोडा यांच्यापासून तांब्याचा कार्बोनेट करायचा, तो व्हिनेगरमध्ये विरघळवायचा, की कॉपर ॲसिटेटचे गडद निळे-हिरवे खडे मिळतात. रंगारी ज्याला जंगाल म्हणत, तो याच घराण्यातला.

आमच्या पुडीत 25 ग्रॅम मोरचूद आणि 11 ग्रॅम कोरडा सोडा वेगवेगळे मोजून दिलेले असतात. दोन्ही 200-200 मिली पाण्यात वेगळे विरघळवा आणि सोड्याचं पाणी मोरचुदाच्या पाण्यात थोडं थोडं ओता. फेस वर येतो, म्हणून भांडं निदान लिटरभराचं घ्या. पाणी कोमट चालेल. उकळतं नको, गाळ काळपट पडतो. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचंच हवं. मोरचुदाच्या पाण्याने ॲल्युमिनियमचं पातेलं खाल्लं जातं, लोखंडावर तांबं चढतं, आणि स्वयंपाकाची भांडी तर या कामाला मुळीच वापरू नका.

आता मुख्य मुद्दा. निळसर हिरवा गाळ दिसला की मुलांना धीर धरवत नाही, व्हिनेगर लगेच त्याच भांड्यात जातं. पण त्या पाण्यात सुमारे 14 ग्रॅम सोडियम सल्फेट विरघळलेलं असतं. ते दिसत नाही, कारण पाणी स्वच्छच असतं. पुढे आटवताना तेच पांढऱ्या सुयांच्या रूपात बाहेर येतं. शिवाय सोडा उरला असेल तर तो तुमचं व्हिनेगर फुकट संपवतो.

गेल्या जानेवारीत कळव्याहून एक वडील मुलीला घेऊन आले. बरणीच्या तळाशी निळे खडे, वर पांढऱ्या सुया. पैसे परत हवे होते. मी एक सुई चिमट्याने काढून काउंटरवरच्या कागदावर ठेवली आणि त्यांना संध्याकाळी परत यायला सांगितलं. आले तेव्हा सुईच्या जागी पांढरं पीठ होतं. सोडियम सल्फेटचा खडा कोरड्या हवेत आपल्यातलं पाणी सोडतो आणि असा भुगा होतो. मोरचुदाचा खडा तसा पांढरा पडायला तापवावा लागतो. मुलीला लगेच पटलं, वडिलांना थोड्या वेळाने. त्यांनी दुसरी पुडी नेली आणि आठ दिवसांनी खडे दाखवायला आले.

धुणं सोपं आहे, वेळ मात्र द्यावा लागतो. भांड्यात 500 मिलीपर्यंत पाणी भरा, गाळ खाली बसू द्या (अर्धा-पाऊण तास लागतो) आणि वरचं पाणी निथळून 100 मिलीच मागे ठेवा. पुन्हा 500 पर्यंत भरा, पुन्हा निथळा. दर वेळी पाचवा हिस्सा उरतो. असं चारदा पाणी काढलं की 14 ग्रॅममधले जेमतेम 20 मिलिग्रॅम राहतात. कंटाळा करून दोनदाच काढलं, तर अर्ध्या ग्रॅमहून जास्त राहतं. शेवटच्या पाण्याचा एक थेंब काचेवर वाळवून बघा. शेजारी साध्या पाण्याचा थेंब वाळवा. दोन्ही डाग सारखे दिसले की झालं. धुवायला डिस्टिल्ड वॉटर हवं असेल तर ते आमच्याकडे मिळतं. गॅरेजमधून आणणार असाल तर बॅटरीचं पाणी मागा आणि ॲसिड नाही ना, याची खात्री करा.

मग 4 टक्के आम्लतेचं पांढरं व्हिनेगर सुमारे 300 मिली, थोडं थोडं, खिडकी उघडी ठेवून. तळाशी चिमूटभर गाळ उरला तरी चालेल, गाळणकागदातून गाळून घ्या. द्रावण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून 100 मिलीपर्यंत आटवा. थंड पाण्यात हा क्षार 100 मिलीत साधारण 7 ग्रॅमच विरघळतो, म्हणून आटवल्याशिवाय खडे सुटत नाहीत. थेट गॅसवर कोरडं करू नका, पूड होते आणि तीही मळकट. आटवताना चमचाभर व्हिनेगर वरून घाला आणि रात्रभर हात न लावता ठेवा. जूनपासून आपल्याकडची हवा दमट असते, तेव्हा नुसतं उघड्यावर ठेवून पाणी उडेल ही आशा धरू नका. सगळं जमलं तरी 20 ग्रॅमच्या वर खडे मिळणार नाहीत, तेवढंच तांबं पुडीत आहे.

पुडी बाहेरच्या सुट्या मोरचुदापेक्षा थोडी महाग पडते, कारण वजन आम्ही स्वतः काट्यावर करतो आणि दोन गाळणकागद आत घालतो. तेजाब आम्ही मुलांना देत नाही, कोणीही चिठ्ठी आणली तरी. या प्रयोगाला ते लागतही नाही.

मोठं माणूस शेजारी हवं, चष्मा आणि हातमोजे घाला. तांब्याचे क्षार विषारी आहेत, चव घेऊ नका. गाळ वाळवून भुकटी करू नका, ओलाच वापरा. उरलेलं निळं पाणी मोरीत किंवा तलावात ओतू नका, मासे मरतात. त्यात सोडा घालून तांबं खाली बसवा आणि तो गाळ झाकणाच्या बाटलीत आमच्याकडे आणून द्या.