इंग्रजीतील मॉडल ऑक्झिलरी

मुख्य क्रियापदाच्या आधी येऊन क्षमता, परवानगी, सक्ती, सल्ला किंवा अंदाज अशी छटा देणाऱ्या इंग्रजी सहायक क्रियापदांना मॉडल ऑक्झिलरी म्हणतात. कॅन, कुड, मे, माइट, विल, वुड, शॅल, शुड आणि मस्ट ही त्यांतील नऊ मुख्य. ऑट टू, नीड आणि डेअर यांची गणना अर्धवट होते. हॅव टू अर्थाने मस्टच्या जवळचे असले, तरी घडणीने साधे क्रियापद आहे.

घडणीचे नियम मोजके आहेत. कर्ता कोणीही असो, रूप बदलत नाही: 'ही कॅन स्विम', 'कॅन्स' नव्हे. पुढे मूळ क्रियापद येते आणि मध्ये टू येत नाही, म्हणून 'ही मस्ट टू गो' चूक. नकाराला व प्रश्नाला डू लागत नाही. दोन मॉडल शेजारी बसत नाहीत; 'उद्या येऊ शकेन' याला 'विल कॅन' नाही, 'विल बी एबल टू कम' म्हणावे लागते. मराठी भाषकांच्या लेखनात हमखास दिसणारे 'आय कॅन एबल टू डू' हे 'शकणे' दोनदा आल्याने बिघडते.

या विचित्रपणाला इतिहास आहे. कॅन, मे, शॅल ही वर्तमानकाळी रूपे मुळात जुनी भूतकाळी रूपे असल्याने त्यांना तृतीय पुरुषाचा 'स' कधी लागलाच नाही. मस्ट हेही जुने भूतकाळी रूप. त्याला आज स्वतःचा भूतकाळ नाही. म्हणून 'काल मला थांबावं लागलं' याचे इंग्रजी 'आय हॅड टू स्टे' असेच होते.

खरी अडचण अर्थाची आहे, कारण मराठीचे एक रूप इंग्रजीत अनेक ठिकाणी फुटते. 'पाहिजे' घ्या. 'तू डॉक्टरकडे जायला पाहिजेस' हा सल्ला, तेथे शुड. 'फी आजच भरायला पाहिजे' ही नियमाची सक्ती, तेथे मस्ट किंवा हॅव टू. 'मला चहा पाहिजे' येथे मॉडल नाहीच, वॉन्ट आहे. वाक्यामागे सल्ला आहे, सक्ती आहे की इच्छा, हे आधी ठरवावे, मग शब्द निवडावा.

नकारात चूक महागात पडते. 'तू यायचं नाहीस' म्हणजे 'यू मस्टन्ट कम', ही मनाई. 'तुला यायची गरज नाही' म्हणजे 'यू डोन्ट हॅव टू कम', ही मोकळीक. मस्टला नुसता नॉट जोडून मोकळीक सांगता येत नाही. ऐकणारा त्याला बंदीच समजतो.

अंदाजाच्या बाबतीत मराठी फार बारकाईने बोलते आणि त्याचा फायदा घेता येतो. 'तो घरी असणार' म्हणजे खात्रीचा तर्क: 'ही मस्ट बी अॅट होम'. 'असू शकेल' म्हणजे 'मे बी' किंवा 'माइट बी'. 'असणं शक्यच नाही' याला मात्र 'कान्ट बी'. येथे बहुधा मस्टन्ट वापरत नाहीत. झालेल्या गोष्टीचा तर्क करताना मॉडलनंतर हॅव आणि तिसरे रूप: 'तो गेला असणार', 'ही मस्ट हॅव गॉन'. 'मस्ट बी वेन्ट' अशी रचना इंग्रजीत नाही. 'मी जायला पाहिजे होतं' या हळहळीला 'आय शुड हॅव गॉन'.

कुड जपून वापरावे. पूर्वीच्या सर्वसाधारण क्षमतेला ते चालते: 'लहानपणी मला पोहता यायचं'. पण 'काल शेवटची लोकल पकडता आली' अशा एकदाच साधलेल्या गोष्टीला 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' हवे. नकारात अडचण नाही, 'कुडन्ट' दोन्हीकडे बसते.

'मी आत येऊ का?' आणि 'मी खिडकी उघडू का?' मराठीत एकाच साच्याची, इंग्रजीत दोन. पहिल्यात परवानगी आहे, म्हणून 'मे आय कम इन'. दुसऱ्यात तयारी दाखवली आहे, म्हणून 'शॅल आय ओपन द विंडो'. 'विल आय' म्हटले तर पुढे काय घडेल असे विचारल्यासारखे होते.

प्रथम पुरुषाला शॅल आणि इतरांना विल हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या व्याकरणात सापडतो. आजच्या बोलण्यात तो सहसा पाळला जात नाही. करारांत आणि कायद्यांत मात्र शॅलला वजन आहे: तेथे शॅल साधारणपणे बंधन घालते, मे मुभा देते. भाषांतर करताना हा फरक 'करील' आणि 'करू शकेल' असा नीट उतरवावा लागतो.

उच्चारात कुड, वुड, शुड यांतील 'ल' मुका असतो. कॅन वाक्यात दबून 'कन' होते, तर कान्ट ठळक उच्चारतात. अमेरिकी बोलण्यात शेवटचा 'ट' पुसट असल्याने होकार-नकार स्वराच्या ठळकपणावरूनच ओळखावा लागतो. 'कुड हॅव' घाईत 'कुडव्ह' ऐकू येते, आणि त्यामुळेच इंग्रजी मातृभाषा असलेलेही कधीकधी 'कुड ऑफ' लिहून बसतात.