हॅम्लेट आणि ओफीलिया (रोसेटीचे लेखणीचित्र)

इंग्रज चित्रकार व कवी दान्ते गेब्रिएल रोसेटी (१८२८–८२) याने १८५८ च्या सुमारास शाई-लेखणीने काढलेले चित्र. ते लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ या शोकांतिकेतील तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश हा त्याचा विषय. ओफीलिया प्रियकर हॅम्लेटने दिलेल्या भेटवस्तू परत करते. तो तिला झिडकारतो, मठात जा म्हणतो. राजा आणि तिचा बाप आडोशाला उभे राहून सारे ऐकत असतात. मराठी रंगभूमीवर हीच जोडी आगरकरांच्या ‘विकारविलसित’ (१८८३) मधून चंद्रसेन व मालिका म्हणून आली.

ओफीलिया म्हटले की चित्रकारांना तिचे वेड आणि तिचे बुडणे आठवते. रोसेटीचा मित्र मिले याचे प्रसिद्ध तैलचित्र (१८५१–५२) तिच्या बुडण्याचेच आहे. नाटकात मात्र तो मृत्यू रंगमंचावर घडत नाही, राणी तो फक्त सांगते. रोसेटीने या चित्रासाठी निवडलेला क्षण त्याआधीचा आहे. ओफीलिया अजून भानावर आहे. तोल सुटतो आहे तो हॅम्लेटचा.

कोरीव लाकडी आसनावर बसलेली ती तोंड फिरवून भेटी पुढे करते. हॅम्लेटने दोन्ही हात आसनाच्या वरच्या कडेवर पसरले आहेत, जणू क्रुसावर ताणलेले; आणि बोलता बोलता तो शेजारच्या गुलाबाची खुडाखूड करतो आहे. ही नकळत चाललेली नासधूस चित्रातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. लाकडावरचे कोरीवकामही निव्वळ सजावटीचे नाही. तिथे बायबलमधला, सर्पाने वेढलेला ज्ञानवृक्ष आहे, ‘तुम्ही देवासारखे बरेवाईट जाणणारे व्हाल’ या अर्थाचे लॅटिन वचन आहे, आणि कराराच्या कोशाला, म्हणजे ज्यूंच्या पवित्र पेटीला, हात लावताच मरण पावलेला बायबलमधला उज्जाही आहे. अविचाराने स्वतःच्या मनात खोल शिरू पाहण्याची ही प्रतीके, असे खुद्द रोसेटीचे स्पष्टीकरण आहे.

हे पुढच्या चित्राचे कच्चे रेखाटन नव्हे, स्वतंत्र पूर्ण कलाकृती आहे. त्या काळात रोसेटी लेखणीने अतिशय बारीक, दाट काम करीत असे. त्यात जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या कोरीव मुद्राचित्रांची आठवण होते. वस्त्र, लाकूड, मागचे जिने, सगळे रेघांच्या एकाच जाळीत विणलेले असल्याने मोकळा श्वास घ्यायला चित्रात जागाच उरत नाही. प्रतीकांची गर्दी थोडी जास्त वाटते खरी. पण ज्याला विचारच सोडत नाहीत अशा नायकाला ती शोभते. १८६४ मध्ये रोसेटी ओफीलियाच्या वेडाकडे वळला, ते चित्र मात्र जलरंगांत आहे.