पत्ता माणसासाठी की यंत्रासाठी?

दूरसंचाराचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या सीसीआयटीटी या संस्थेने १९८४ साली ई-मेलसाठी 'एक्स.४००' नावाचं मानक आणलं. त्यातला पत्ता साधारण असा दिसे:

जी=अनिल; एस=जोशी; ओयू=लेखा; ओ=अमुक कंपनी; पी=अमुक; ए=तमुक; सी=जीबी

जी म्हणजे नाव, एस आडनाव, ओयू विभाग, ओ संस्था, पी त्या संस्थेची खासगी मेल-यंत्रणा, ए ती ज्या सार्वजनिक सेवेला जोडलेली ती सेवा आणि सी देश. वडिलांच्या नावाला वेगळा रकाना नव्हता, आद्याक्षरांच्या रकान्यात त्याचं एक अक्षर बसवायचं. 'ज्युनियर'सारख्या पुरवणीला मात्र स्वतंत्र रकाना! मानक कोणाची नावं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं गेलं, ते यातून कळतं.

याच्या बरीच वर्षं आधी, १९७१ मध्ये, रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावर, खात्याचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये @ टाकून काम भागवलं होतं.

एक्स.४००वाले वेडे नव्हते. पत्ता माणसाने टाइप करावा अशी त्यांची मूळ कल्पनाच नव्हती. १९८८ मध्ये त्याच्या जोडीला 'एक्स.५००' आलं: साऱ्या जगाची एक निर्देशिका, टेलिफोन डिरेक्टरीसारखी. तुम्ही माणूस शोधायचा, लांबलचक पत्ता संगणकांनी आपापसांत बघून घ्यायचा. पण ती जागतिक निर्देशिका कधी पुरती उभीच राहिली नाही. आपल्या कर्मचाऱ्यांची यादी बाहेरच्यांसमोर उघडी करायला कोणती कंपनी तयार होईल? परिणामी यंत्रासाठी घडवलेला पत्ता व्हिजिटिंग कार्डावर येऊन पडला.

तो फोनवर सांगून बघा. विभागाचं पूर्ण नाव लिहायचं की संक्षेप? पी आणि ओ सारखेच असले तरी दोन्ही हवेत का? सगळ्यात त्रासदायक तो 'ए'. कंपनीने सेवा बदलली की सगळ्यांचे पत्ते बदलणार. आणि विशिष्ट सेवेचं नाव द्यायचं नसेल, तर तिथे एक रिकामी जागा टाकायची. ती फोनवर कशी सांगणार?

एक्स.४००चा दोष उतरंडीचा, म्हणजे देश, संस्था, विभाग अशा पायऱ्यांचा होता, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डोमेन-नावांची (आजच्या ई-मेल पत्त्यात @ नंतर येतात त्या नावांची) व्यवस्थाही उतरंडच आहे. पण तिथे रकान्यांना लेबलं नाहीत आणि पायऱ्या किती ठेवायच्या ते ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय मेल प्रत्यक्षात कोणत्या यंत्राकडे न्यायचा, ही माहिती १९८६ पासून डोमेनच्या नोंदींत ठेवता येऊ लागली. सेवा बदला, नोंद बदला, पत्ता तोच. गुंतागुंत कमी झाली नाही, फक्त ती पाठवणाऱ्याच्या डोक्यातून उचलून यंत्रणा सांभाळणाऱ्याकडे गेली.

लेबलांचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: क्रम उलटला तरी अर्थ बदलत नाही. ब्रिटनच्या विद्यापीठांचं 'जॅनेट' जाळं नाव देशापासून सुरू करी, बाकीचे देशावर संपवत. त्यामुळे शेवटी आलेलं 'सीएस' म्हणजे संगणकशास्त्र विभाग की चेकोस्लोव्हाकिया, असा घोळ होऊ शके. लेबल असतं तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

निर्देशिका-पद्धतीची नावं संपलेली नाहीत. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून निघालेल्या 'एलडॅप' या हलक्या रूपात ती कार्यालयांच्या लॉगिन-यंत्रणेत शिरली. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्याच कुटुंबातल्या 'एक्स.५०९' मानकाने बांधलेली असतात. आपल्याकडच्या डिजिटल स्वाक्षरीचं प्रमाणपत्रही तसंच. ते उघडून 'सब्जेक्ट' बघितलंत, तर सी=आयएन, ओ=पर्सनल, एसटी=महाराष्ट्र अशी ओळ सापडेल. ती कोणालाच पाठ नसते, आणि स्वाक्षरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याने काहीच फरक पडत नाही.