प्रिव्हेर्नमच्या तटातला चुना

स्वतःची भेग स्वतःच बुजवणाऱ्या रोमन काँक्रीटची बातमी जानेवारी २०२३ मध्ये जगभर झळकली. संशोधन अमेरिकेतल्या एमआयटीचे संशोधक अदमिर माशिच (Admir Masic) यांच्या गटाचं. मी वाचलेल्या बातम्यांत एक गोष्ट मात्र राहून गेली होती. तपासलेले नमुने रोम शहरातले नव्हतेच. ते होते प्रिव्हेर्नमच्या तटबंदीतले.

प्रिव्हेर्नम रोमच्या दक्षिणेला, मूळचं वोल्स्की या प्राचीन इटलीतल्या लोकांचं नगर. इ.स.पू. ३२९ मध्ये रोमने ते जिंकलं. इतिहासकार लिव्ही सांगतो, ‘तुम्हाला काय शिक्षा द्यावी?’ या प्रश्नावर तिथला एक जण सिनेटमध्ये म्हणाला, ‘जे स्वतःला स्वातंत्र्याच्या लायक समजतात त्यांना शोभेल ती.’ पुढे त्यांना रोमचं नागरिकत्व मिळालं.

याच भागातल्या नोर्बा या नगराच्या जुन्या तटात प्रचंड दगड चुन्याविना एकमेकांत बसवलेले आहेत. प्रिव्हेर्नमच्या तटात मात्र चुना आहे, आणि खरी गंमत त्या चुन्यातच आहे. चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो. पाणी पडताच तो तापतो, फुटतो, विरतो. रोमन गवंडी चुना आधी विरवून मगच कालवत, असा समज होता. या गटाच्या मते इथे कळीचा चुनाच ज्वालामुखीच्या राखेत मिसळून गरमागरम कालवला गेला. त्यामुळे काही चुना एकजीव न होता पांढऱ्या बारीक खड्यांच्या रूपात राहिला. हे खडे पूर्वी निष्काळजी कालवणीची खूण मानले जात. प्रत्यक्षात तडा या ठिसूळ खड्यांतूनच वाट काढतो, पाणी आत शिरतं, खड्यातलं कॅल्शियम विरघळतं आणि तड्यात कॅल्साइट या चुनखडीतल्याच खनिजाचे स्फटिक होऊन बसतं. प्रयोगात अर्धा मिलिमीटर रुंदीची भेग दोन आठवड्यांत बुजली. कळीचा चुना न घातलेल्या ठोकळ्यातून पाणी वाहतच राहिलं.

वोल्स्की भाषा टिकली नाही. वेलेत्री या गावी मिळालेल्या कांस्यपत्र्यावरचा चार ओळींचा लेख हा तिचा मुख्य पुरावा. तट मात्र हरलेल्यांच्या गावाभोवती जेत्यांच्या पद्धतीने उभा राहिला. रोमन जगात तट हे नगराच्या प्रतिष्ठेचंही लक्षण होतं. म्हणून ही मला कैदखान्याची भिंत वाटत नाही. आपण आता रोमन आहोत, हे प्रिव्हेर्नमकरांनी तिच्यातून जगाला सांगितलं, असं मी मानतो.

‘प्राचीनांना सगळं ठाऊक होतं, आपण विसरलो’ हा सूर मात्र सोडायला हवा. आजच्या काँक्रीटमध्ये पोलाद असतं. ते गंजून फुगतं आणि काँक्रीट फोडतं. रोमन भिंतीत पोलाद नाही. शिवाय ज्या रोमन भिंती कच्च्या होत्या त्या केव्हाच पडल्या. आपण तुलना करतो ती उरलेल्यांशी.