ट्यूबवरची बारीक अक्षरं कुठून आली?

टूथपेस्टच्या ट्यूबच्या टोकाला असलेली हिरवी, लाल, निळी किंवा काळी पट्टी पाहून पेस्ट ‘नैसर्गिक’ की ‘केमिकल’ ते ओळखा, असा मेसेज फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतोच. ती पट्टी असते कारखान्यातल्या यंत्रासाठी. ट्यूब कुठे कापायची आणि कुठे बंद करायची, हे सेन्सरला तिच्यावरून कळतं. आत काय भरलंय याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. वाचायची ती पट्टीच्या वरची बारीक अक्षरं. त्यातली काही कंपन्यांनी हौसेने छापलेली नाहीत. कायद्याने छापायला लावली आहेत.

पूर्वी लोक दात कशाने घासायचे असं विचारलं की कडुलिंबाची काडी, बाभळीची काडी, राखुंडी, मीठ, कोळसा ही यादी लगेच येते. महाराष्ट्रात त्या यादीत मिशरीही यायला हवी, पण ती आपण सोयीस्करपणे गाळतो. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची (भाजताना घरभर ठसका उठतो), वाटून बारीक पूड करायची, डबीत भरून ठेवायची. सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन दात आणि हिरड्यांवर फिरवायची, आणि थुंकायची अजिबात घाई करायची नाही. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं. मग दुपारी जेवणानंतर एकदा, संध्याकाळी एकदा. ‘मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असं सांगणाऱ्या बाईला तंबाखू खाता का असं विचारलं, तर ती मनापासून नाही म्हणेल. तिच्या लेखी ते दात घासणंच असतं.

या भाबडेपणाची किंमत मोजली गेली आहे. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मिशरी लावणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं.

बाजारात हेच प्रकरण मंजनाच्या डबीतून आणि पेस्टच्या ट्यूबमधून विकलं जात होतं. १९९२ मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू वापरायला बंदी घातली. उत्पादक कोर्टात गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीला मात्र ना लेबल ना परवाना. तिथे कायद्याचा हात पोचत नाही.

पेस्टचा स्वतःचा इतिहास त्यामानाने सपक आहे. कोलगेटने १८७३ मध्ये अमेरिकेत बरणीतली पेस्ट आणली, १८९६ मध्ये ट्यूबमधली. आपल्याकडे माकडछाप काळं मंजन बराच काळ टिकून होतं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये विको सुरू केली, आणि त्यांची वज्रदंती आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन हा कराचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

खरी कलाटणी दिली फ्लोराइडने. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला, तर तिथल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग. गंमत म्हणजे डागाळलेले हे दात किडत नव्हते. कारण पाण्यातलं फ्लोराइड, हे कळायला १९३१ उजाडलं. मग जास्त झालं तर डाग, बेताचं असेल तर किडीपासून बचाव, असं गणित बसवलं गेलं. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात फ्लोराइड घातलं, आणि १९५६ मध्ये क्रेस्ट ही फ्लोराइडची पेस्ट अमेरिकाभर विकली जाऊ लागली.

भारताची अडचण उलटी होती. १९३७ मध्येच नेल्लोर भागातून फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दात आणि हाडं बिघडण्याच्या आजाराची, नोंद झाली होती. इथे फ्लोराइड कमी पडण्यापेक्षा जमिनीतूनच जास्त येण्याची भीती. युरोपात पेस्टमध्ये १५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १५०० भाग) फ्लोराइड चालतं, आपल्या नियमांत कमाल मर्यादा १००० आहे. शिवाय ते किती, हा आकडा ट्यूबवर आणि खोक्यावर छापावाच लागतो, सोबत वापराची अंतिम तारीखही.

१००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी लाट काढतात ती साधारण ग्रॅमभर भरते. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तेवढी पुरते. त्याहून लहानग्याला तांदळाच्या दाण्याएवढी. मोठ्यांनाही लाटेची गरज नाही. लाट पेस्ट खपवण्यासाठी. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा आणि खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहतं. आपल्याकडे पाच-सहा चुळांशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, ही सवय सुटणं कठीणच.

फळांच्या चवीची पेस्ट पोरं चाटतात, म्हणून ट्यूब त्यांच्या हाती लागू देऊ नये. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड पोटात गेलं की तातडीने दवाखाना गाठावा लागतो. दहा किलोच्या पोरासाठी ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे शंभर ग्रॅमची अर्धी ट्यूब. निघण्यापूर्वी दूध पाजलं तर त्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवतं.

तरीही सरसकट फ्लोराइडविरहित पेस्ट घेणं मला पटत नाही. दात किडण्याविरुद्ध सिद्ध झालेला सगळ्यात भक्कम उपाय फ्लोराइडच आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत मात्र बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त येतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. दातांवर डाग पडण्याचा धोका असतो तो पक्क्या दातांचं एनॅमल (वरचं कडक आवरण) घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत. अशा गावात आधी पाणी तपासून घ्यावं, आणि लहान मुलाची पेस्ट दंतवैद्याला तो आकडा दाखवून ठरवावी.